कौल लावताना माझं मन कुठे होतं

माझं मन एका जागी बसत नाही, ही गोष्ट माझ्या लग्नाच्या आधीपासून जगजाहीर आहे. माहेर मुरबाडच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. तिथे माझी आई मला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही सांगून मोकळी व्हायची, "पोर कामाला वाघ आहे. फक्त हिला दुधापाशी उभी करू नका." पाहुणे हसायचे. मग लग्न होऊन मी खर्डीच्या बाजूला या घरात आले. पहिल्याच आठवड्यात दूध उतू गेलं, दुसऱ्या दिवशी परत गेलं, आणि सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "वारा प्यालेलं वासरू आणलंय गो घरात," त्या शेजारणीला म्हणाल्या. मी तिथेच उभी होते. आमच्या सासूबाईंना माणसाच्या पाठीमागे बोलायची सवय नाही, जे काय ते तोंडावर.

आता मला सांगा, गावात एवढी माणसं असताना देवीसमोर मन घट्ट धरून उभं राहायचं काम नेमकं कुणाच्या गळ्यात पडावं?

त्याचं असं झालं. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते कळत होतं, फक्त सासूबाई कबूल होत नव्हत्या. "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलेय? उजेडच कमी झालाय हल्ली," असं त्या भर दुपारी अंगणात बसून सांगायच्या. तांदूळ निवडायला घेतले की खडे सुपात ठेवायच्या आणि तांदूळ कोंबड्यांना टाकायच्या. कोंबड्या खूश होत्या. आम्ही दातांनी खडे फोडत होतो. एकदा शेतावरून आल्या त्या रागाने फणफणतच. खालच्या वाडीतला एकजण बांधावर उभा होता म्हणे, यांनी तीनतीनदा हाक मारली, तरी तो वळून बघेना. "नोकरी लागली नाय तोवर माज आला मेल्याला!" मी जाऊन बघते तर बुजगावणं. फाटका शर्ट घालून, डोक्यावर मडकं घेऊन बिचारं उभं. मी बांधावर बसून पोट दुखेस्तोवर हसले.

पण एका सकाळी त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारायला जळत्या टोकाकडूनच धरलं. तळहाताला हा एवढा फोड आला. त्या दिवशी मला हसू आलं नाही. मी त्यांना तसंच जीपमध्ये घातलं आणि शहापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलायचे. त्यांनी बॅटरी मारून दोन्ही डोळे बघितले आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, आधी एक डोळा करू, मग दुसरा. पण आणखी थांबलात तर पुढे मलाही फार काही करता येणार नाही."

घरी आल्यावर सासूबाईंनी पदर खोचला आणि जाहीर केलं, "मी नाय जायची."

"का पण?"

"डोळा बाहेर काढतात, धुतात नि परत बसवतात. डोळखांबच्या बाजूला एकीचा उलटा बसवला. तिला आता झाडं खाली नि जमीन वर दिसते."

"कोण ती? नाव सांगा."

"नाव कशाला पायजे? बिचारी तोंड लपवून फिरते."

मी समजावलं, माझ्या धाकट्या जावेने समजावलं, माझा नवरा रजा काढून समजवायला बसला आणि समजावता समजावता स्वतःच झोपला. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. शेवटी सासूबाईंनीच तोडगा काढला. "देवीला कौल लावू. उजवा दिला तर जाईन. डावा दिला तर परत माझ्यासमोर डोळ्याचं नाव काढायचं नाय."

कौल म्हणजे गावदेवीला विचारणं. भगत देवीच्या पाषाणाला, उजव्या आणि डाव्या अंगाला, पाण्याने ओल्या केलेल्या जास्वंदीच्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. नुकतं भात झोडून झालं होतं, लोकांना सवड होती, तेव्हा देवळात रोज कुणी ना कुणी काही ना काही विचारतच होतं. पण आमच्या घराण्याचे कौलाचे नियम कडक. एक, आपल्या अंगाच्या दुखण्याचा कौल आपण मागायचा नाही. दोन, घरात जी चूल पेटवते तिनेच मागायचा. तीन, प्रश्न तोंडाने बोलायचा नाही, नारळ हातात धरून मनातल्या मनात बोलायचा आणि पाकळी पडेपर्यंत मनात दुसरं काही येऊ द्यायचं नाही. "मन फिरलं की कौल फिरतो," असं सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. म्हणजे माझ्या शेजारच्या खांबाकडे बघितलं, पण रोख माझ्यावर होता.

चूल मीच पेटवते. आली का पंचाईत!

पहिल्या मंगळवारी उपास धरून, डोक्यावरून न्हाऊन मी उभी राहिले. आमचा भगत एरवी स्टेशनवर रिक्षा चालवतो. गाडी यायच्या आधी त्याला मोकळं व्हायचं असतं, म्हणून तो खाकी शर्ट घालूनच देवीच्या पाया पडतो. त्याने पाकळ्या लावल्या. मी डोळे मिटले. देवी, आयच्या डोळ्याचं ऑपरेशन करू का नको? करू का नको? आणि बघा, तिसऱ्या खेपेला माझ्या मनात आलं, सुके बोंबील अंगणात वाळत घातलेत आणि मांजर मोकळं आहे.

झालं. करू का नको, मांजर. करू का नको, बोंबील. मी मनाला ओढून आणते, ते परत अंगणात. किती वेळ गेला कोण जाणे, दोन्ही पाकळ्या आपल्या जागी चिकटून. ना उजवी हलते ना डावी.

"देवी बोलत नाय," भगत म्हणाला. "वहिनी, मन कुठं हाय तुमचं?"

देवीसमोर खोटं कसं बोलायचं? "बोंबलात," मी म्हटलं.

सासूबाईंचा जो पारा चढला! "उपासाच्या दिवशी! देवीच्या समोर! बोंबील!" घरी येईपर्यंत त्या माझा उद्धार करत होत्या. घरी आलो तर मांजराने खरोखरच अर्धे बोंबील लंपास केलेले. मला देवीचाच राग आला. एवढं कळत होतं तर निदान मांजराला तरी हाकलायचं होतंस.

पुढच्या मंगळवारपर्यंत अख्खं घर माझ्या मनाच्या मागे लागलं. जाऊ म्हणाली, समईच्या ज्योतीकडे एकटक बघत बस. मी बसले, तर वात काजळलेली दिसली. ती नीट करायला उठले, तर तेल संपत आलेलं. तेल आणायला दुकानात गेले आणि तासाभराने कुणाच्या तरी बारशाच्या गप्पा मारून तेल न घेता परत आले. नवऱ्याने मोबाईलवर एक गृहस्थ दाखवले. पांढरे कपडे, गोड आवाज. "विचार येतील, विचार जातील. तुम्ही फक्त काठावर बसून बघा." मी बसले काठावर. पण माझे विचार येतात ते जातात कुठे? ते जेवायलाच थांबतात. आणि येताना चार नातेवाईक घेऊन येतात.

सासूबाईंचा सल्ला त्यातल्या त्यात सोपा होता. "दुसरं काय आणू नको. माझा डोळा तेवढा डोळ्यासमोर धर." मी धरला. तो डोळा थोड्या वेळाने मला उकडलेल्या अंड्यासारखा दिसायला लागला. अंड्यावरून कोंबडी आठवली. आमची काळी कोंबडी तेव्हा खुडूक बसली होती, पाटीखालून हलायला तयार नव्हती. सगळ्या घरात मन लावून एका जागी बसणारी तेवढी ती एकच. कौल तिलाच मागायला पाठवावी, असं मी बोलून गेले आणि सासूबाईंनी मला हातातला झाडू फेकून मारला. तो जावेला लागला.

गंमत राहू दे. रात्री अंथरुणावर पडलं की मला रडू यायचं. म्हातारीची नजर माझ्या या भटक्या मनापायी जाणार, असं वाटायचं. मी मनाला शिव्या घातल्या, हात जोडले, लाच दिली. एक दिवस नीट वाग, मेल्या, मग आयुष्यभर काय हुंदडायचं ते हुंदड. ते माझं ऐकून घेताना सुद्धा दुसरीकडेच बघत होतं.

दुसरा मंगळवार उजाडला. या खेपेला बोंबील डब्यात, डबा फडताळात, फडताळाला कडी. माझ्याकडून कसूर नको. सगळी आवराआवर करता करता उशीर झाला आणि आम्ही दोघी धावतपळत देवळात पोचलो. जाऊही मागोमाग आली. भगत रिक्षा चालू ठेवूनच आत आला होता, बाहेर तिची धडधड चालू. त्याने पाकळ्या लावल्या. मी नारळ धरला.

देवी, आयच्या डोळ्याचं ऑपरेशन करू का नको?

आणि काय सांगू, मन बसलं! खरंच बसलं. करू का नको, करू का नको. बोंबील नाही, मांजर नाही, काही नाही. मला इतका आनंद झाला! बघ, म्हटलं, जमलं का नाही? उगाच बोलतात लोक मला. आता जावेला सांगेन, नवऱ्याला सांगेन, माहेरी फोन करून आईला सांगेन. मग ध्यानात आलं की हे सगळं मी प्रश्न सोडून बोलतेय. जीभ चावली आणि घाबरून डोळे उघडले.

समोर देवी. दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. आणि बाजूला हात जोडून उभ्या सासूबाई. त्यांचं लुगडं उलटं होतं.

काठाची उलटी बाजू बाहेर, दोरे लोंबताहेत. घरातून निघाल्यापासून तसंच. अख्ख्या गावातून ही बाई तशीच चालत आली आणि मी बोंबलाच्या डब्याला कडी घालत बसले, तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही. नवी सून होते तेव्हा माझी टिकली एवढीशी सरकली तरी या बाईला ओसरीवरून दिसायची. "टिकली नीट लाव गो, पाव्हणे येतील." आणि आज तिला आपल्या अंगावरचा काठ सुलटा का उलटा कळत नाही. प्रश्न गेला, देवी गेली, मी त्या लोंबत्या दोऱ्यांकडे बघत राहिले.

"उजवा!" भगत ओरडला. "उजवा दिला देवीनं! चला, नारळ फोडा, माझी गाडी आली."

"थांब," मी म्हटलं. "माझं मन प्रश्नावर नव्हतं."

भगताने कपाळाला हात लावला. जाऊ म्हणाली, "ताई, गप बस ना! पडला ना उजवा!" खरं तर गप बसायलाच हवं होतं. उजवा पडला होता, काम झालं होतं. पण गप बसायचं माझ्या जिभेला आजवर जमलेलं नाही, ते नेमकं देवळात कसं जमावं?

"मंग कुठं होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमच्या लुगड्यावर."

"काय झालंय लुगड्याला?"

"उलटं नेसलंय तुमी."

त्यांनी काठ हातात धरून बोटांनी चाचपला. लोंबते दोरे त्यांच्या हाताला लागले. बाहेर रिक्षा धडधडत होती. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही.

"सकाळपासून असंच?"

"असंच."

"नि वाटंत एवढी माणसं भेटली, एकानंबी सांगितलं नाय. मेले हसत असतील." मग त्या देवीकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझं तरी कुठं होतं गो मन? मी इथं उभी राहून सारखी बोलत होती, डावा पडू दे, आय, डावा पडू दे. भ्या वाटतं मला. खोटं कशाला सांगू."

इतक्या वर्षांत त्या कशाला घाबरल्याचं मी ऐकलं नव्हतं. साप मारलेली बाई ती. मी नारळ काखेत धरला आणि त्यांचा हात पकडला.

"मग आता कसं? परत लावायचा का पुढच्या मंगळवारी?" जावेने विचारलं.

तेव्हा भगत वैतागून जे बोलला ते माझ्या मनात कायमचं राहिलं, आणि माझ्या मनात एखादी गोष्ट राहणं म्हणजे बघा. तो म्हणाला, "वहिनी, तुमचं मन लुगड्यावर होतं, आजीचं भलतीकडं, नि माझं तर रोज कसाऱ्याच्या गाडीवर असतं. देवीच्या वाट्याला माणसं अशीच आल्यात. ती काय आज आपल्याला ओळखते? फोडा नारळ!"

मी फोडला. सासूबाईंनी देवळामागे जाऊन लुगडं सुलटं करून घेतलं, मी आडोसा धरला. येताना त्या म्हणाल्या, "चल, करू ऑपरेशन. उलट्या लुगड्यानं फिरून मरण्यापेक्षा उलटा डोळा परवडला."

त्या दिवशी मी मनाशी भांडण मिटवून टाकलं. फिरतंय ना, फिरू दे मेलं. मी त्याला देवीसमोर खुंटीला बांधून ठेवलं असतं तर ते लुगडं मला दिसलं नसतं, आणि त्या आपल्या भीतीसकट गप्पच राहिल्या असत्या. निदान मी तरी माझी अशी समजूत काढली. स्वतःची समजूत काढण्यात मी पटाईत आहे.

ऑपरेशनच्या दिवशी त्यांना आत नेलं आणि नर्सबाईंनी मला बाकावर बसवलं. "शांत बसा, देवाचं नाव घ्या." मी दोनदा घेतलं. मग डोक्यात आलं, डोळा खरंच बाहेर काढत असतील तर? ज्या गोष्टीवर मी महिनाभर हसले तीच आता खरी वाटायला लागली. उलटा बसवला तर त्यांना भाकरी कशी वाढायची? ताट डोक्यावर धरायचं का? मी आपली बाकावर बसून ताट कसं धरायचं त्याचा हिशोब करत होते आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. समोरचा माणूस मला रुमाल द्यायला उठला. त्याला काय सांगणार, कशासाठी रडतेय?

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायची होती. मी शेजारी उभी. डॉक्टरांनी पट्टी सोडली, डोळा पुसला आणि बोट वर धरलं. "आजी, माझ्या बोटाकडे बघा."

सासूबाईंनी बोटाकडे बघितलं. मग बोटामागच्या डॉक्टरांकडे. "केवढासा पोरगा आहे गो हा! आधी माहीत असतं तर याला हात लावू दिला नसता." मग पंख्याकडे. मग खिडकीबाहेर, वडाच्या झाडावर, त्यावरून खाली उभ्या भाजीवालीच्या टोपलीवर. मग नर्सबाईंच्या कानांवर. "डूल छान आहेत हां तुझे." मग भिंतीवरच्या पालीवर.

"आजी, बोटाकडे. एका जागी बघा."

"बघतेय की," म्हणत त्यांनी डॉक्टरांचे बूट बघून घेतले.

डॉक्टरांनी माझ्याकडे मदतीसाठी बघितलं. आणि मी, जिला जन्मभर सगळ्यांनी हेच सांगितलं, एका जागी बस, एका जागी बस, मी म्हटलं, "डॉक्टर, फिरू द्या हो जरा. किती दिवसांनी मोकळी सुटलेय त्यांची नजर."

डॉक्टरांनी बोट खाली घेतलं. नजर फिरली, चारी भिंतींवरून फिरली, पलंगाच्या पायाशी आली, माझ्या पायांवरून वर चढली आणि माझ्या तोंडावर येऊन थांबली. ती हलेचना. मी लाजले. पदर सावरला, टिकली चाचपली.

"काय झालं, आय? दिसतंय ना नीट?"

त्या बघतच राहिल्या. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "तू म्हातारी झालीस गो."

नर्सबाईंना हसू आवरेना. मलाही हसू आलं, पण ते मध्येच कुठेतरी अडकलं. "झाले," मी म्हटलं. "तुमच्याच घरात झाले की. दुसरीकडे कुठे गेले होते?"

त्यांनी हात लांब करून माझ्या कानाजवळचे पांढरे केस बोटाने कानामागे सारले. नजर अजून माझ्यावरच होती. तशाच माझ्याकडे बघत त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "दुसरा डोळा कधी करतोस रे?"